थांबवलेल्या फ्रेमवर झकास, प्ले केलं की मुंग्या: एकाच भागाचा रंग बदलताना मॅट का फडफडतो

व्हिडिओत एकाच वस्तूचा रंग बदलताना येणारा प्रॉब्लेम असाय. फ्रेममध्ये माणूस उभा, अंगात लाल जॅकेट, मागे विटांची भिंत, आणि सांगणं एवढंच की जॅकेट जरा मरून करा, बाकी कशाला हात लावू नका. आयड्रॉपर घेतला, जॅकेटवर टिचकी मारली, रेंज थोडी पसरवली, रंग फिरवला, झालं, दोन मिनिटांचं काम. थांबवलेल्या फ्रेमवर एकदम झकास. प्ले केलं आणि जॅकेटवर मुंग्या. बाहीच्या कडेला किडे वळवळतायत, हनुवटीखाली मरून डाग येतोय जातोय, ओठ मधेच जांभळट होतायत, आणि मागच्या भिंतीतल्या चार विटा कुणी दिवा लावल्यासारख्या लुकलुकतायत.

हे मला एकदा नाही झालेलं, दरवेळी क्लिप वेगळी आणि रडगाणं तेच. कधी गवत, कधी निळा शर्ट, कधी चेहरा. आणि दरवेळी मी तोच गाढवपणा करायचो, म्हणजे क्वालिफायरचे (रंगावरून भाग निवडणाऱ्या टूलचे) स्लायडर घेऊन बसायचं, ह्यू (रंगछटा) अजून अरुंद कर, सॉफ्टनेस वाढव, डीनॉइज वाढव, ब्लर दे, मग कडा पसरल्या म्हणून ब्लर कमी कर, रात्रीचे दोन. मुंग्या थोड्या कमी होतात, जात नाहीत. कारण घोळ बहुतेकदा क्वालिफायरमध्ये नसतोच, त्याच्यापर्यंत जे चित्र पोचतंय त्यात असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

एक सांगून ठेवतो, या धंद्यात सिलेक्शनला 'की' म्हणतात, पण मराठीत 'की काढली की की फडफडते' असलं वाक्य लिहून मीच दोनदा अडखळलो, त्यामुळे इथे सिलेक्शन किंवा मॅट म्हणतोय. मॅट म्हणजे ते काळंपांढरं चित्र, पांढऱ्या जागी करेक्शन लागणार, काळ्या जागी नाही, करड्या जागी अर्धवट.

आधी मॅट बघा, रंग नाही

सगळ्यात पहिली चूक म्हणजे रंगीत चित्राकडे बघत सिलेक्शन जमवणं. डोळा फसतो. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट आणि एच दाबून हायलाइट चालू करा, आणि त्यातला काळापांढरा पर्याय निवडा, करड्या पार्श्वभूमीवर रंग दाखवणारा नको, त्यात बारीक भोकं दिसत नाहीत. प्रीमियर या सॉफ्टवेअरच्या ल्युमेट्री नावाच्या रंगाच्या पॅनेलमध्ये एचएसएल सेकंडरीत खूण करायचा चौकोन आहे, त्याच्या शेजारच्या यादीतून पांढरा-काळा घ्या.

आता महत्त्वाचं, हा मॅट प्ले करून बघायचा. शंभर टक्के झूमवर, आणि प्रॉक्सी (एडिटिंग हलकं व्हावं म्हणून केलेली छोटी प्रत) बंद करून. प्रॉक्सी किंवा अर्ध्या रिझोल्यूशनवर चित्र छोटं होताना चार पिक्सेलचा एक पिक्सेल होतो, सरासरी निघते, नॉइज (चित्रातले बारीक वळवळते ठिपके) आपोआप दबतो, आणि मॅट लोण्यासारखा दिसतो. मग एक्सपोर्ट होतं मूळ फुटेजवरून आणि मुंग्या परत. "माझ्याकडे बरोबर दिसत होतं, एक्सपोर्टमध्ये बिघडलं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं हेच झालेलं असतं, एक्सपोर्टचा काही दोष नसतो बिचाऱ्याचा.

मॅट बघताना तो कसा बिघडतोय तेही बघा, कारण त्यावरून कारण कळतं. पांढऱ्यात सगळीकडे मिठासारखे काळे ठिपके आणि ते प्रत्येक फ्रेमला बदलतायत, तर नॉइज. चौकोनी चौकोनी तुकडे येतायत जातायत, तर कॉम्प्रेशन. अख्खा मॅट हळूहळू पातळ होत चाललाय, तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स किंवा एक्सपोजर सरकलंय. अख्खा मॅट ठरावीक तालात कमीजास्त, तर दिव्याचा फ्लिकर. आणि फक्त कडा वळवळतायत पण आतला भाग घट्ट, तर क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती कमी साठवणं, पुढे येईल) नाहीतर तुम्हीच लावलेला ब्लर. या प्रत्येकाचा इलाज वेगळाय, आणि डीनॉइजचा एक स्लायडर सगळ्यांवर चालवणं म्हणजे कुठल्याही दुखण्यावर एकच गोळी.

सिलेक्शन कुठून उचलताय

माझ्या लाल जॅकेटच्या क्लिपमध्ये मुख्य गुन्हेगार हा होता आणि मला तो सापडायला एक अख्खी रात्र लागली. माझी नोडची (रिझॉल्व्हमध्ये करेक्शनच्या एकेका टप्प्याला नोड म्हणतात) रांग अशी होती: पहिला नोड एक्सपोजर-बॅलन्स, दुसऱ्यात लट, म्हणजे ती तयार लुकची फाइल, चांगली कडक कॉन्ट्रास्टवाली, आणि तिसऱ्या नोडमध्ये जॅकेटचा क्वालिफायर. सरळ रांग, दिसायला बरोबर. पण क्वालिफायर नेहमी त्याच नोडच्या इनपुटला आलेलं चित्र बघतो, मूळ क्लिप नाही. म्हणजे तो बघत होता लटमधून निघालेलं चित्र, ज्यात कॉन्ट्रास्ट वाढल्यामुळे नॉइजही वाढलेला, लाल रंग वरच्या बाजूला चेपून सपाट झालेला, आणि लुकमुळे विटा, ओठ, जॅकेट सगळे एकाच केशरी-लाल कोपऱ्यात ढकललेले. जे वेगळं करायचं होतं ते मीच आधीच्या नोडमध्ये एकत्र करून ठेवलं आणि मग वेगळं होत नाही म्हणून क्वालिफायरला शिव्या.

उलट टोकही चुकीचंच. फुटेज लॉगमध्ये (मुद्दाम फिकट, कमी कॉन्ट्रास्टचं रेकॉर्डिंग) असेल आणि थेट त्यावरून सिलेक्शन घेतलं तर सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) इतकं कमी असतं की सगळे रंग मधोमध गोळा झालेले असतात आणि रेंज केसाएवढी अरुंद धरावी लागते, जरा हललं की निसटलं. माझा अनुभव असा की सिलेक्शन मधून घ्यावं, लॉगचं नॉर्मल रंगात रूपांतर आणि साधा बॅलन्स झाल्यानंतर, पण लुक लागायच्या आधी.

यात अजून एक पाय घसरायची जागा. आज क्वालिफायर नीट जमवला, उद्या कुणीतरी म्हणालं जरा उबदार करा, तुम्ही पहिल्या नोडमध्ये टेंपरेचर वाढवलं, आणि पुढच्या सगळ्या नोडमधली सिलेक्शनं ढासळली. म्हणून मी आता सिलेक्शनसाठी वेगळी फांदी काढतो. रूपांतर केलेल्या नोडमधून एक रेघ बाजूला, तिथे फक्त क्वालिफायर असलेला नोड, रंगाला काही हात लावायचा नाही, आणि त्या नोडच्या खालचं निळं टोक ओढून करेक्शनच्या नोडच्या निळ्या टोकाला जोडायचं. मधल्या रांगेत पुढे काय वाटेल ते करा, मॅट स्वच्छ चित्रावरूनच येत राहतो.

प्रीमियरमध्ये फांद्या नाहीत, पण तिथे ल्युमेट्रीच्या पॅनेलमधले भाग वरून खाली या क्रमाने लागतात आणि एचएसएल सेकंडरी क्रिएटिव्ह लुकच्या खाली येते, म्हणजे तिला आयतं लुक लागलेलं चित्र मिळतं. तर एकाच क्लिपवर दोन ल्युमेट्री टाकायच्या, वरच्या ल्युमेट्रीत बेसिक करेक्शन आणि एचएसएल सेकंडरी, खालच्या ल्युमेट्रीत लुक. इफेक्ट कंट्रोलमध्ये वर असेल ते आधी लागतं. एवढ्याने अर्धे लोक सुटतील.

फुटेजमध्येच रंग कमी असतो, ही गोष्ट पचवून घ्या

मोबाइल आणि बहुतेक छोटे कॅमेरे ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतात. त्याचा अर्थ असा की उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची माहिती आडव्यात निम्मी आणि उभ्यात निम्मी. म्हणजे १९२० बाय १०८० चं चित्र असेल तर त्यातला रंग खरंतर ९६० बाय ५४० चाच आहे, चार पिक्सेलमध्ये एकच रंगाचा नमुना, उरलेलं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. डोळ्याला कळत नाही कारण डोळा उजेडातला फरक बारीक बघतो आणि रंगातला ढोबळ. पण क्वालिफायर मुख्यतः रंगच बघतो, त्यामुळे त्याला कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. ४:२:२ मध्ये उभ्यात पूर्ण आणि आडव्यात निम्मा, म्हणून तिथे त्रास जरा कमी. आणि ८ बिटमध्ये एका चॅनलला २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४, हा फरक आकाशापाशी आल्यावर चांगलाच टोचतो, ते पुढे बघू.

बऱ्याच जणांचा समज असतो की फुटेज प्रोरेसमध्ये (एडिटिंगला सोयीच्या मोठ्या फाइलींचा फॉरमॅट) बदलून घेतलं की हा प्रश्न जातो. एडिटिंग हलकं होतं हे खरं, पण जो रंग रेकॉर्डच झाला नाही तो मोठ्या डब्यात ओतल्याने परत येत नाही.

वर पुन्हा एच.२६४ किंवा एच.२६५ चं कॉम्प्रेशन. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल. पूर्ण फ्रेम आली की नॉइजचा पोत एकदम बदलतो, आणि मॅटला दर अर्ध्या-एक सेकंदाला उचकी लागल्यासारखी दिसते. हे क्वालिफायरने जाणारच नाही.

इलाज म्हणजे सिलेक्शनच्या फांदीत, क्वालिफायरच्या आधी, चित्र शांत करून घ्यायचं. रिझॉल्व्हची स्टुडिओ आवृत्ती असेल तर टेंपोरल नॉइज रिडक्शन लावा आणि इथे हात सैल सोडा, कारण ही फांदी कुणाला दिसणार नाही, यातून फक्त मॅट निघणार, चेहरा प्लॅस्टिकचा झाला तरी काय बिघडतंय. फुकटच्या आवृत्तीत नॉइज रिडक्शन नाही, तिथे एक जुगाड आहे जो मला फार आवडतो: नोडवर राइट क्लिक, कलरस्पेस लॅब करा, मग चॅनलमधला पहिला बंद करा, आणि थोडा ब्लर द्या. पहिला चॅनल उजेडाचा, तो बंद केल्यामुळे ब्लर फक्त रंगाला लागतो, कडा उजेडामुळे धारदारच राहतात आणि रंगातल्या मुंग्या एकमेकींत विरून जातात. फार ओढलंत तर रंग शेजारी सांडायला लागतो, तेव्हा मॅट बघत बघत थोडाथोडाच.

काळपट आणि फिकट भागात ह्यूला अर्थच नसतो

हे मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर किती रात्री वाचल्या असत्या. जॅकेटच्या घड्यांमध्ये, काखेत, कॉलरखाली मॅटमध्ये सगळ्यात जास्त खळखळ असते, आणि आपण समजतो तिथलं सिलेक्शन अपुरं पडतंय, म्हणून तिथेही अधिकचा आयड्रॉपर मारतो आणि खड्डा अजून खणतो.

आकड्यांत बघा. ८ बिटमधला एक काळपट पिक्सेल घ्या, लाल ४०, हिरवा ३८, निळा ३७. याचा ह्यू येतो २० अंश, म्हणजे लालसर-केशरी. आता नॉइजने लाल दोनने खाली आणि हिरवा दोनने वर गेला, ३८, ४०, ३७. ह्यू झाला १०० अंश, हिरवा! दोन पायऱ्यांच्या फरकाने रंग लालवरून हिरव्यावर. आता उजेडातला जॅकेटचा पिक्सेल घ्या, २००, ८०, ७०. ह्यू साधारण साडेचार अंश. यातही तोच दोनाचा फरक करा, १९८, ८२, ७०, ह्यू साडेपाच अंश. एक अंश हलला फक्त. नॉइज दोन्हीकडे तेवढाच, पण अंधारात ह्यू सैरावैरा पळतो, आणि करड्या-फिकट भागातही तेच, कारण तीन आकडे जवळजवळ आले की ह्यू ठरवायला काही उरतच नाही.

तेव्हा सरळ सोडून द्या तो भाग. ल्युमाची (उजेडाची) खालची मर्यादा वर घ्या, सॅच्युरेशनची खालची मर्यादा वर घ्या, आणि दोन्हींचा खालचा सॉफ्टनेस चांगला लांब ठेवा म्हणजे अंधाराकडे जाताना मॅट हळूहळू विझतो. घड्यांमध्ये करेक्शन लागणार नाही, मग तिथे जुना लाल दिसेल का? नाही दिसत. तिथे मुळात रंगच नाहीये, काळं आहे, काळं मरून काय आणि काळं लाल काय. ज्या क्लिपमध्ये दिसलाच, तिथे अंधाऱ्या भागाचं एकूणच सॅच्युरेशन थोडं उतरवा, ल्युमा विरुद्ध सॅच्युरेशनच्या कर्व्हने, काम होतं.

विटा, ओठ, लाकूड आणि चेहरा

माणसाची त्वचा गोरी असो, सावळी असो, काळी असो, ह्यू जवळपास एकाच पट्ट्यात येतो, लाल आणि पिवळ्याच्या मधे, फरक असतो तो उजेडाचा आणि सॅच्युरेशनचा. व्हेक्टरस्कोपवर (ह्यू आणि सॅच्युरेशन दाखवणारा आलेख) ती तिरकी स्किन टोनची रेघ असते ती त्यासाठीच. गंमत अशी की लाकूड, वाळू, माती, विटा, पुठ्ठा, पिवळा बल्ब पडलेली भिंत, सगळे त्याच्या आजूबाजूलाच. म्हणून चेहऱ्याचं सिलेक्शन घेतलं की मागचं कपाट पण येतं, आणि कपाट घालवायला ह्यू अरुंद केला की गालावर भोकं पडतात.

इथे ह्यूशी भांडू नका. विंडो टाका, म्हणजे करेक्शन फक्त आपल्या आत लागू देणारा आकार. सिलेक्शन रंगाने सैल घ्यायचं, गाल अख्खा पांढरा होईपर्यंत, मागचं कपाट आलं तरी येऊ दे, आणि मग चेहऱ्याभोवती एक ढगळ लंबवर्तुळ टाकून बाहेरचं सगळं कापायचं. दोन्ही एकाच नोडमध्ये असले की जे दोघांतही आहे तेवढंच उरतं. विंडो अगदी चेहऱ्याच्या कडेला चिकटवायची गरज नाही, कड क्वालिफायर सांभाळतोय, विंडो फक्त कुंपण आहे. ढगळ असल्यामुळे ट्रॅक थोडा इकडे तिकडे झाला तरी कळत नाही. मी आधी विंडो फिट्ट काढायचो, नाकाकानाच्या वळणांसकट, आणि मग तिला फ्रेमफ्रेमला सांभाळत बसायचो, कशासाठी माहीत नाही.

ओठ नको असतील तर दुसरी छोटी विंडो वजाबाकीच्या मोडमध्ये.

आता ट्रॅकिंग. माणूस फ्रेममध्ये जिथे सगळ्यात मोठा, समोर तोंड केलेला आणि उजेडात आहे त्या फ्रेमवर जा, विंडो तिथे काढा, तिथून पुढे ट्रॅक, मग परत त्याच फ्रेमवर येऊन मागे ट्रॅक. क्लिपच्या पहिल्या फ्रेमपासूनच ट्रॅक सुरू करायची सवय का लागते देव जाणे, पहिल्या फ्रेममध्ये माणूस बहुतेकदा अजून आत येतच असतो. मान वळतेय आणि विंडो वेडीवाकडी ताणली जातेय असं झालं तर थ्रीडी आणि रोटेशनच्या खुणा काढून टाका, नुसतं पॅन, टिल्ट, झूम राहू द्या, ढगळ विंडोला तेवढं पुरतं. हात चेहऱ्यासमोरून गेला की ट्रॅकर त्या हाताबरोबर निघून जातो, हे होणारच, तिथे ट्रॅकरवर चिडायचं नाही, हात येण्याच्या आधीपर्यंतचा ट्रॅक ठेवायचा, पुढचा पुसायचा, क्लिप मोडमधून फ्रेम मोडवर जायचं आणि तेवढ्या फ्रेमना हाताने विंडो सरकवायची, हात गेल्यावर परत ट्रॅक.

मॅजिक मास्कबद्दल लगेच प्रश्न येईल. रिझॉल्व्ह स्टुडिओत १७ पासून आहे, माणूस ओळखतो, वेळ वाचतो, मी वापरतो. पण केस आणि बोटांच्या कडांना तोही फ्रेमागणिक मत बदलतो, म्हणून तो मी कुंपण म्हणून वापरतो आणि कड क्वालिफायरकडेच ठेवतो. एकट्या मॅजिक मास्कवर मोठा रंगबदल केला की केसांभोवती तेज आल्यासारखं दिसतं, संतमहात्म्यांच्या फोटोसारखं.

मधेच मॅट विरघळायला लागला तर

सुरुवातीला घट्ट, पाच सेकंदांनी अर्धा गायब. हे ऑटो व्हाइट बॅलन्स किंवा ऑटो एक्सपोजरचं काम. माणूस पांढऱ्या भिंतीसमोरून गेला, कॅमेऱ्याने ठरवलं आता जरा निळं करूया, आणि तुमचा लाल दहा अंश सरकला. इथे लोक क्वालिफायरला कीफ्रेम (ठरावीक फ्रेमवर सेटिंग बदलायच्या खुणा) मारतात, मीही मारले आहेत, आणि तो नरक आहे कारण मधल्या प्रत्येक फ्रेमला मॅट कुठल्यातरी अर्धवट अवस्थेत असतो. कीफ्रेम मारायचेच तर त्याच्या आधी, बॅलन्सच्या नोडमध्ये मारा. फ्रेममध्ये जी वस्तू करडी किंवा पांढरी असायला हवी ती पकडा, सुरुवातीला आणि शेवटी तिचे तीन चॅनल स्कोपवर सारखे करा, दोन कीफ्रेम, झालं. चित्र स्थिर झालं की एकच सिलेक्शन अख्ख्या क्लिपभर टिकतं. आणि पुढच्या वेळी शूटिंगला व्हाइट बॅलन्स लॉक, एक्सपोजर लॉक, मोबाइलवर सुद्धा होतं हे.

फ्लिकरचं थोडक्यात. जिथे वीज ५० हर्ट्झ तिथे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की कळत नाही, ६० हर्ट्झवाल्या देशांत १/६० किंवा १/१२०. हे चुकलं असेल तर डीफ्लिकर इफेक्ट सिलेक्शनच्या आधी लावा, नंतर लावून उपयोग नाही, कारण तोवर मॅट धडधडून गेलेला असतो.

कडेची रेघ

मॅट आतून घट्ट झाला, मुंग्या गेल्या, तरी जॅकेटच्या कडेला जुन्या लालची एक बारीक रेघ राहिली. याला तीन कारणं एकत्र असतात: ४:२:० मुळे रंग कडेबाहेर सांडलेला, कॅमेऱ्याने स्वतःच केलेलं शार्पनिंग, आणि हलताना झालेला मोशन ब्लर ज्यात जॅकेट आणि भिंत एकाच पिक्सेलमध्ये मिसळलेत. मिसळलेला पिक्सेल कुणाचा, याचं उत्तर कुठल्याच क्वालिफायरकडे नाही.

क्रम असा ठेवा: आधी क्लीन व्हाइट थोडं वाढवून आतली भोकं बुजवा, क्लीन ब्लॅकने बाहेरचे ठिपके मारा, मग थोडा ब्लर, आणि ब्लर दिल्यावर इन-आउट रेशोने कड आत किंवा बाहेर ढकला. ब्लर आधी आणि साफसफाई नंतर केली तर ठिपके पसरून डाग होतात आणि मग ते डाग साफ करायला अजून जोर लावावा लागतो, म्हणजे घाण पुसायच्या आधी पाणी ओतल्यासारखं.

आणि एवढं करूनही रेघ राहिली तर करेक्शनच कमी करा. खरंच. लाल ते मरून हे पंधरा-वीस अंशांचं आणि थोड्या सॅच्युरेशनचं काम आहे, त्यात कड माफ होते. लाल ते निळं मागितलं तर कुठलाही मॅट उघडा पडेल. त्याहून जास्त उघडं पाडतो तो उजेडातला बदल. जॅकेट गडद करायचं म्हणून गेन (उजेडाचं एक नियंत्रण) खाली ओढला की कड लगेच दिसते, कारण वर म्हटलं तसं डोळा उजेडाच्या बाबतीत फार चिकित्सक. म्हणून अशा करेक्शनमध्ये ह्यू आणि सॅच्युरेशन हलवा, उजेड शक्यतो जागेवर ठेवा, गडद करायचंच असेल तर मोठ्या मऊ विंडोने आजूबाजूच्या भिंतीसकट थोडं थोडं करा, ते छायेसारखं वाटतं, कापून चिकटवल्यासारखं नाही.

आकाश क्वालिफायरने पकडू नका

ही माझी आवड-निवड समजा, पण ८ बिटचं आकाश क्वालिफायरने पकडून गडद निळं करणं हा मला हमखास फसणारा उद्योग वाटतो. हिशोब सोपाय. १०८० च्या फ्रेममध्ये आकाश वरच्या अर्ध्यात, म्हणजे ५४० ओळी, आणि त्या ५४० ओळींत निळा वरून खाली जेमतेम १८ पायऱ्या बदलतो असं धरा. एक पायरी ३० ओळींची. मूळ चित्रात शेजारच्या दोन पट्ट्यांतला फरक एकच, दिसत नाही. तुम्ही कॉन्ट्रास्ट वाढवून फरक तीनचा केला की पट्टे उघड्यावर, आणि वर क्वालिफायरची सीमा त्याच पायऱ्यांवर येऊन बसते त्यामुळे पट्ट्यांचे किनारे अजून कडक. त्यापेक्षा वरून खाली मऊ ग्रेडियंट विंडो, जोडीला ल्युमाची सैल मर्यादा म्हणजे झाडं-इमारती वगळल्या जातात, करेक्शन माफक, आणि शेवटी चिमूटभर ग्रेन (फिल्मसारखा बारीक दाणेदारपणा). ग्रेनमुळे पट्ट्यांच्या कडा तुटतात.

आणि फ्रेममध्ये तो रंग दुसरीकडे कुठेच नसेल, समजा अख्ख्या चित्रात निळं फक्त एक शर्टच आहे, तर क्वालिफायर कशाला हवाय, ह्यू विरुद्ध ह्यू किंवा ह्यू विरुद्ध सॅच्युरेशनचा कर्व्ह घ्या. त्यात चालूबंद मॅट नाही, त्यामुळे फडफड फार कमी. फक्त बिंदू एकमेकांच्या अगदी जवळ ठेवून कर्व्हचा कडा उभा केलात तर तिथेही चित्र फाटतं, उतार लांब ठेवा.

लाल जॅकेटचं शेवटी काय झालं

लटच्या आधीच्या नोडमधून फांदी काढली, तिच्यात लॅबमध्ये रंगाचा ब्लर, मग क्वालिफायर, ल्युमा आणि सॅच्युरेशनच्या खालच्या मर्यादा वर. डीनॉइजचा स्लायडर, ज्याच्याशी मी रात्रभर झगडलो होतो, तो शून्यावर परत. करेक्शनच्या नोडमध्ये जॅकेटभोवती ढगळ विंडो आणि ओठ-हनुवटीसाठी एक वजाबाकीची. हनुवटीखालचा तो येणारा-जाणारा डाग म्हणजे जॅकेटचाच लाल उजेड गळ्यावर पडलेला होता, तो खरा लाल होता, त्यामुळे क्वालिफायर त्याला पकडत होता ते बरोबरच होतं. तिथे वजाबाकीच्या विंडोची कड खूप मऊ केली, डाग थोडा राहू दिला, कारण मरून जॅकेटचाही उजेड गळ्यावर पडलाच असता.

एका ठिकाणी माणूस हात छातीवरून नेतो, तिथे चौदा फ्रेम हाताने केल्या. त्यातल्या एका फ्रेममध्ये अंगठ्याजवळ अजून मरून ठिपका आहे. मला दिसतो, दुसऱ्या कुणाला आजवर दिसलेला नाही, आणि मी दाखवतही नाही.